गाडी विकली, ॲप राहिलं

३ फेब्रु., मंगळ.
आमच्या ऑफिसातल्या संदीपला गाडी विकून महिना झाला. ती कुठे आहे हे दाखवणारं ॲप अजून माझ्याच फोनवर. "माझ्या फोनवर चालू करून द्या की, दादा," दोनदा म्हणाला. बघतो म्हणालो. ही यंत्रणा तपासणं हीच माझी नोकरी. ट्रेनिंगमध्ये पोरांना बजावतो, गाडी विकली की आधी आपलं नाव काढा. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आज चारदा पाहिलं. गाडी रहाटणीत, त्याच्या बिल्डिंगखाली. मला काय करायचंय? लाज वाटली. तरी परत उघडलं.

५ फेब्रु., गुरु.
सं. कालपासून रजेवर, आई आजारी. जेवणाच्या सुट्टीत पाहिलं तर ठिपका महाळुंग्यात, दुसऱ्या कंपनीच्या गेटवर. म्हणजे मुलाखत! चहाला साहेबांनी विचारलं, "संदीपची आई कशी आहे?" मी हसून, "तो महाळुंग्यात त्या कंपनीच्या गेटवर दिसला म्हणे." म्हणे! जीभ झडली असती तर बरं.

१० फेब्रु., मंगळ.
नोकरीत कायम करायच्या यादीतून सं.चं नाव गेलं. साहेब : "खोटं बोलणारा माणूस नको." खाली मान घालून ऐकलं. घरी जेवण गेलं नाही. हिला ॲसिडिटी सांगितली.

११ फेब्रु., बुध.
सं. भेटला, डोळे सुजलेले. आई महाळुंग्याला त्याच्या बहिणीकडे आली होती, तिथल्याच दवाखान्यात ठेवली. दवाखाना त्या गेटच्या समोर, रस्त्यापलीकडे. ठिपका थोडा सरकतो हे रिपोर्टात मीच लिहितो की!
"गायकवाडनंच लावून दिलं असणार, दादा. बोलणं सोडलं म्या त्याच्याशी."
गायकवाड बिचारा शेजारच्याच टेबलावर. मी डबा उचलून उठलो. इतका हलकट असेन असं वाटलं नव्हतं.

१२ फेब्रु., गुरु.
मागची सगळी नोंद काढली. तीन रात्री गाडी तिथून हललेली नाही. रात्रभर कोण मुलाखत घेतं? एवढं दाखवलं तर सं. सुटतो. पण नोंद माझ्या फोनवर, माझ्या नावानं. नाव काढलं तर मी सुटतो, नोंद पुसली जाते. दोनदा त्या बटणापर्यंत बोट गेलं...
संध्याकाळी सं. घरी आला. "साहेब म्हणतेत, दवाखान्याचे कागद कुनीबी आणतंय. गाडीची काही नोंद निघंल का, दादा? तुमचंच काम हाय ते. उद्या साडेदहाला बोलावलंय, तुमी संगं चला."
हो म्हणालो. तो पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले.