मोरीत ओतलेलं पॉलिश

थोरल्या,

सकाळी तुझ्या खाटेखालची बाटली मी मोरीत ओतली आणि तुझ्या पोरीदेखत तुला नाही नाही ते बोलले. तू चपला घालून निमूट निघून गेलास. मागाहून तुझ्या बायकोनं सांगितलं, ते डॉक्टरीणबाईंच्या कपाटाचं पॉलिश होतं, दोन दिवस स्पिरिटात लाख भिजवली होतीस. मला स्पिरिटचा वास आला आणि डोकं फिरलं. दुधानं तोंड पोळलंय रे माझं, ताकही फुंकून पिते.

स्पिरिट आणि लाख आणायला गेले आहे. डॉक्टरीणबाईंना सांगून येते, कपाट उशिरा मिळेल, चूक म्हातारीची आहे, लेकाची नाही. जेवण झाकून ठेवलंय. पोरीला घेऊन बस.

दारू सोडून आल्यापासून सहा महिने तू कुणाला उलट शब्द बोलला नाहीस. मी म्हणायचे, शहाणा झाला. आज कळलं, आमच्यासमोर मान वर करायला भितोस. दारू सोड म्हटलं होतं, घरातली जागा सोड कोण म्हणालं?

मी आले की पोरीसमोर विचार, "आई, माझ्या सामानाला हात का लावलास?" मी ऐकून घेईन. नाही घेतलं तर आणखी मोठ्यानं विचार.

आई