बाबांचं गुलाबी कार्ड

चिखली,
रविवार, १० मार्च १९६८

चि. निवृत्ती यास,

ताईचा आशीर्वाद. शालूला आणि दोन्ही लेकरांना माझी आठवण सांग. इकडे सगळे धडधाकट आहेत, तिकडेही असतील असं धरून चालते.

तुझं पत्र मंगळवारी आलं. जाड पांढऱ्या सरकारी कागदावर आठ ओळी, त्यातल्या सहा तुझ्या बढतीच्या. बढती मिळाली हे छान झालं. उरलेल्या दोन ओळींत तू दोन गोष्टी विचारल्यास. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मे महिन्याचा पास कधी पाठवू, आणि मुंबईहून परत येताना भुसावळला फर्स्ट क्लासची वेटिंग रूम मिळाली की नाही, कशी वाटली. खाली शालूनं आपल्या तिरप्या अक्षरात बाबांबद्दल जोडलंय, ‘मामाजींची पासात सोय झाली म्हणून बरं, नाहीतर त्या थर्ड क्लासच्या शेडमध्ये काय हाल झाले असते!’

वेटिंग रूमचं आधी सांगते, ते सोपं आहे.

मिळाली बाबा तुझी वेटिंग रूम. सकाळी मेलमधून उतरलो, आणि मलकापूरची पॅसेंजर दुपारी. पाच तास होतो आम्ही तिथे. हातभर लांब दांड्यांच्या वेताच्या आरामखुर्च्या, मधोमध गोल टेबल, भिंतीवर माणूसभर उंचीचा आरसा. त्या खोलीत येणारा प्रत्येक जण आधी आरशात बघतो, मग खुर्चीकडे. एक ठेकेदार खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर पाय टाकून पसरला होता, त्याच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. तोंड उघडं टाकून घोरत होता. जागा झाला की दर वेळी बेअऱ्याला विचारायचा, “साफ किया था ना ये कुर्सी?” जणू त्याच्याआधी तिथे म्हैस बसली होती.

आणि एक बाई होती, सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेली. कुणा इंजिनियरची बायको. मी टेकले नाही तोच विचारती झाली, कुणाचा पास, कोणत्या खात्याचा, हुद्दा काय. आपल्याकडे सोयरीक जुळवताना इतकं खोदून विचारत नाहीत. मी तुझा हुद्दा सांगितला. मग तिनं आपल्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि माझ्याशी बोलायला लागली. नोकर मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत, टिकले तर डोक्यावर बसतात. असं तास-दीड तास. त्या खोलीतल्या एकाही माणसाला गाडीची घाई नव्हती. आपण इथे बसलोय हे दुसऱ्यानं पाहावं, एवढ्यासाठी सगळे आलेले. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय.

चहा मात्र चांगला होता. किटली वेगळी, दूध वेगळं, साखर वेगळी. मी दोन वेळा मागवला.

बाबा दाराजवळ आपली घोंगडी टाकून बसले. त्यांना खुर्चीत अवघडल्यासारखं होतं, तुला ठाऊकच आहे.

झालं तुझ्या वेटिंग रूमचं.

इकडचं सांगायचं तर शाळेत इन्स्पेक्टरसाहेब येऊन गेले. तिसरीच्या पोरींना त्यांनी नद्या विचारल्या आणि त्यांच्या स्वतःच्याच दोन चुकल्या. पोरी हसल्या म्हणून मला शेरा मिळाला. गावी उंद्रीला यंदा वांगी भरपूर, भाव पडलेला. बाबांचा डोळा उत्तम आहे. जाड भिंगाचा चष्मा लावून बांधावरून मिरचीचं झाड न् झाड मोजतात. दर शनिवारी शाळा सुटली की मी जाते, रविवारी संध्याकाळच्या एसटीनं परत येते. या शनिवारी गेले नाही. का, ते सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं, आणि दोन पानं वेटिंग रूमवर न् इन्स्पेक्टरवर घालवली.

तुझ्या पासाचं बोलू.

पासावर तू मला ‘आश्रित विधवा बहीण’ केलंस. विधवा आहे, हे खरं. आश्रित कुणाची रे? नवरा गेल्यावर ट्रेनिंग करून तेरा वर्षं मी स्वतःची भाकरी खाते, आणि तुझ्या कॉलेजच्या दोन वर्षांत तूही तीच खाल्लीस. पण फुकट फर्स्ट क्लास मिळत होता, म्हणून मी गप्प बसले. बाबांना मात्र रेल्वेच्या नियमात जागा नव्हती. विधवा आई चालते, विधुर बाप चालत नाही. फर्स्ट क्लासवाल्याला एक नोकर तेवढा नेता येतो, तिसऱ्या वर्गातून. तेव्हा नोकराच्या रकान्यात तू बाप बसवलास. त्याचं वेगळं गुलाबी कार्ड. इंग्रजीत ‘मोतीराम’, पुढे ‘अटेंडंट’, खाली गोल शिक्का आणि तुझी झोकदार सही.

मुंबईला स्टेशनवर ते तू त्यांच्या हातात दिलंस. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू. त्यांनी चाचपून विचारलं, “हे काय होय?” तू म्हणालास, “बाबा, तुमचा पास आहे.” आणि माझ्याकडे पाहून हसलास. मीही हसले. तिसऱ्या वर्गाचं एक तिकीट काढायला तुला जड नव्हतं, मलाही नव्हतं. साधं सुचलं नाही दोघांना. इतके आपण शिकलेले.

ते कार्ड बाबांनी चंचीत ठेवलं, सुपारीच्या कप्प्यात नाही, आईचा फोटो असतो त्या कप्प्यात. मलकापूरला तपासनीसानं माझा पास पाहिला आणि जा म्हणाला, म्हणून ते परत द्यायचं राहिलं. उंद्रीत उतरल्यापासून बाबांनी ते गावभर दाखवलं. तुळशीरामच्या किराणा दुकानात, पारावर, दळणाच्या रांगेत. तुळशीराम चौथी शिकलेला, मराठी वाचतो, इंग्रजी नाही. बाकीच्यांची तर गोष्टच सोड. तुझी सही मात्र बाबा ओळखतात, तुझी पोस्टकार्डं वाचून दाखवताना मीच कधीतरी त्यांना ती दाखवली होती. सहीवर बोट ठेवून सगळ्यांना सांगायचे, “हे पाहा, माह्या निवृत्तीची सही. सायबाची.”

मग एका शनिवारी तुळशीरामच्या दुकानात आठ-दहा माणसं असताना त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

“पुष्पे, वाच बरं मोठ्यानं. याच्यात काय लिवेल हाय?”

मी वाचलं. “श्री. मोतीराम, अधिकाऱ्यांचे वडील.”

“आखीन एकडाव वाच.”

तीन वेळा वाचलं, निवृत्ती. तिसरीच्या पोरींना कविता शिकवते तशा स्वच्छ आवाजात. तुळशीरामनं सगळ्यांना गुळाचा खडा दिला. बाबांनी कार्ड परत घेतलं आणि म्हणाले, चिखलीले नेऊन काचेत मढवून आन, देवाच्या बाजूले लावतो.

मी घेऊन आले. हरवलं म्हणून सांगता आलं असतं. सांगितलं नाही, कारण ते रोज विचारत राहिले असते. दोन आठवडे ते माझ्या पेटीत पडून होतं. शेवटी मनात आणलं, मढवून टाकू, उंद्रीत कोण वाचणार आहे. फोटोफ्रेमवाल्या इंद्रभानकडे गेले. तो मॅट्रिकला दोनदा बसलेला आहे, हे मी विसरले. त्यानं कार्ड उलटसुलट केलं आणि भर दुकानात म्हणाला, “बाई, हा नोकराचा पास हाय. हा कोन मढवत असते?”

मी त्याच्या हातून कार्ड घेतलं. इंद्रभानचा मेव्हणा उंद्रीचाच आहे. आज ना उद्या हे तिकडे पोचणार, आणि पारावर कुणीतरी हसत हसत बाबांना ऐकवणार, हे मला तिथेच कळलं. त्याआधी आपणच सांगावं, म्हणून बुधवारी रजा टाकून गेले.

त्याच्या आधी तुला एक सांगायचंय. वर मी लिहिलं, बाबांना खुर्चीत अवघडतं. ते खोटं आहे.

भुसावळला बेअऱ्यानं बाबांना दारात अडवलं. डोळ्यावर पट्टी, खांद्यावर घोंगडी, हातात माझी ट्रंक. हो, ट्रंक त्यांच्याच हातात होती, मी पुढे चालत होते. “ये कौन है?” त्यानं विचारलं. वडील म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, तिसऱ्या वर्गाचा माणूस आत चालत नाही. मग आम्ही दोघं शेडमध्ये बसलो असतो. वारा होता, धूळ होती, डोळ्याची जखम ओली होती. असं मी स्वतःला दीड महिना सांगत आले. पण बेअऱ्यानं विचारलं तेव्हा धूळ-वारा माझ्या डोक्यात नव्हता. ती सोनेरी चष्म्याची बाई वर मान करून पाहत होती. मी म्हटलं, “हमारा नौकर है. सामान के पास बैठेगा.”

बेअऱ्यानं त्यांना दारापाशी फरशीवर बसवलं. चहा मी दोन वेळा मागवला हे खरं. त्यांना एकदाच पाठवला, आणि तो बेअऱ्याच्या हाती. त्या बाईसमोरून उठून स्वतः न्यायची माझी हिंमत झाली नाही. ठेकेदाराच्या मोज्याचं भोक बघत बसले होते मी, पाच तास. तुला हसायला तेवढंच हवं होतं ना, ते आधीच लिहून टाकलं.

तर बुधवारी. बाबा वांग्याला पाणी देत होते. मी बांधावरच उभी राहिले आणि सांगून टाकलं, “बाबा, त्या कार्डावर वडील नाही लिहिलेलं. नोकर लिहिलंय. मी खोटं वाचलं.”

सरी भरली होती, फावड्यानं माती ओढून त्यांनी पाणी पुढच्या सरीत वळवलं. ती भरेपर्यंत थांबले. मग म्हणाले,

“भुसावयच्या त्या दारात तू काय म्हटलं, ते मले आयकू आलं होतं. डोया बांधेल होता माहा, कान नाही.”

मी विचारलं, “मग तेव्हाच का नाही बोललात?”

“काय बोलू? मले वाटलं, पोरगी लाजली त्या बाईसमोर. गेलं तोंडून. तोंडाचं काय एवढं. पन कागद तं होता नं माह्यापाशी. पोराच्या सहीचा. म्या म्हटलं, हे काही म्हनो, कागदावर तं बापच असन. म्हनून त जपला.” पुढे म्हणाले, “म्हनून त तुले चारचौघात वाचाले लावलं. तुह्याच तोंडून आयकाचं होतं.”

निवृत्ती, मी त्यांच्या पायावर पडले. त्यांनी मला उठवलं नाही आणि दूरही केलं नाही. पाणी वाहून चाललं होतं, ते बघायला गेले. परत आले आणि हात पुढे केला. मी कार्ड दिलं. चष्म्याजवळ नेऊन कितीतरी वेळ पाहिलं.

“सही तं त्याचीच हाय नं?”

“हो बाबा.”

“बरं,” म्हणाले, आणि कार्ड माझ्या हातात परत ठेवलं.

तेच या पाकिटात घातलंय. तुमच्या खात्यात जमा करायचं असतं म्हणतात, कर. तुझ्या त्या सोनेरी चष्म्याच्या जगात हिशेब चोख लागतो ना.

आता तुझा पहिला प्रश्न. पास पाठवू नकोस, मे महिन्याचाही नको आणि पुढचाही नको. दुसरा डोळा ते चिखलीच्या शिबिरात करून घेणार आहेत, शिबिर होईल तेव्हा. मी म्हटलं, मी येईन सोबत, तिकीट काढून नेईन, कुठे म्हणाल तिथे. त्यांनी ऐकून घेतलं. सोबत तुळशीराम जाणार आहे.

निघताना तुझं मंगळवारचं पत्र त्यांना वाचून दाखवायला काढलं. आई गेल्यापासून त्यांच्या घरी आलेला प्रत्येक कागद मीच वाचत आलेय, शेतसाऱ्याचा, सोसायटीचा, तुझ्या पहिल्या नोकरीचा. त्यांनी माझ्या हातातून ते हळूच काढून घेतलं आणि घडी घालून चंचीत ठेवलं.

“राहू दे,” म्हणाले. “तुयशीराम वाचन.”

तेव्हा त्यांना जे लिहायचं ते तू स्वतः लिही, मराठीत, सोप्या अक्षरांत. शालूकडून खाली काही जोडून घेऊ नकोस. आणि हे ध्यानात ठेव की ते पत्र भर दुकानात मोठ्यानं वाचलं जाईल, आठ-दहा माणसांत, आणि बाबा पुन्हा एकदा वाच म्हणतील.

तुझी सख्खी, आणि तुझ्यासारखीच,
पुष्पा