मारानंतरचा गूळ

माय,

गेल्या थंडीत एका शनिवारी तुझ्या नातवानं त्याच्या आईचं तोंड फोडलं. खालचा ओठ आतून फाटला, पुढचा दात हलायला लागला आणि रक्त पदरावरून फरशीवर आलं. तू आता त्याला ओळखणार नाहीस. तू गेलीस तेव्हा तो तुझ्या मांडीवर मावायचा. आज तो माझ्यापेक्षा उंच आहे आणि रुंद असा, की लातूरच्या आमच्या घरातल्या न्हाणीत त्याला तिरपं होऊन शिरावं लागतं. त्याचा हात पडतो तो भिंत पडल्यासारखा पडतो. पण मी फक्त मारामारीचं सांगायला बसलेलो नाही. मारल्यावर त्यानं जे केलं, ते पाहिल्यापासून तू माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीस. ते सांगण्याआधी मला गुळाचं सांगावं लागेल.

शिरूर अनंतपाळच्या अलीकडचं आपलं घर. मी तिसरीत असेन. गोट्या खेळण्याच्या नादात म्हैस सोडून दिली आणि ती शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरली. आबा दारात उभे आहेत, हातात कासरा, तोही ओला. ओला कासरा कोरड्यापेक्षा जास्त लागतो हे मला त्या वयातही माहीत आहे. पहिला फटका पाठीवर बसतो, मग पिंढरीवर, मग मी खाली पडतो आणि कासऱ्याच्या जागी पाय येतो. तू चुलीच्या खोलीच्या दारात उभी. तू मधे आलीस की माझा मार वाढायचा, म्हणून तू यायची नाहीस, हे मला फार उशिरा कळलं. आबा दमून बाजेवर बसले की तू मला ओढून आत नेतेस, माझं डोकं पोटाशी इतकं घट्ट दाबतेस की कान दुखतात, आणि दुसऱ्या हातानं गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबतेस. “खा. रडू नको. खाऊन टाक.” माझं रडं थांबायचं. गुळात नाकाचं पाणी यायचं, कधी ओठातलं रक्त यायचं, तरी तो गोडच लागायचा. एकदा मी तुला एकटीला चुलीपुढं बसून खडा चघळताना पाहिलं. त्या दिवशी कासरा तुझ्या पाठीवर पडला होता.

मग माझं पोरगं झालं. तीन वर्षांचं झालं तरी हाक मारली की बघायचं नाही, आणि मिक्सर लावला की भिंतीवर डोकं आपटायचं. कपाळाला टेंगूळ, टेंगळावर टेंगूळ. डॉक्टरांनी स्वमग्नता असं नाव सांगितलं. तू नाव ऐकून घेतलंस आणि उठून डबा काढलास. त्याचं डोकं पोटाशी दाबलंस, तोंडात खडा घातलास, तेच बोललीस. तो थांबला. “बघ, थांबला का न्हाई?” तू जिंकल्यासारखं माझ्याकडं पाहिलंस. आणि गल्लीतल्या बायांना तूच सांगितलंस, ह्यो देवाचं लेकरू हाय, ह्याच्या तोंडात गोड पडलं की काम होतंय. कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाची सोयरीक, कुणाचा कोर्टातला निकाल, आधी ताट आमच्या दारात. तू गेलीस, ताटं राहिली. मी शनिवार धरणारा माणूस. देवाच्या नावानं आलेलं परत कसं पाठवू?

तो देवाचं लेकरू आहे हे मला आजही मान्य आहे. पण देवाच्या लेकरालाही गुडघे असतात, माय. ते सुजायला लागले. जिना चढताना तो मधेच बसायचा आणि उठवायला गेलं की चावायचा. झोपेत त्याचा श्वास अडकायचा, मग फाटल्यासारखा परत यायचा. शांत राहण्यासाठीच्या गोळीनं भूक आणखी वाढली. डॉक्टर म्हणाले, हे वजन असंच वाढलं तर हे पोरगं हातचं जाईल. त्याच्या शाळेतल्या बाईंनी मला समोर बसवलं. “दादा, तो ओरडला की खाऊ, मारलं की खाऊ. त्यानं काय शिकायचं? मारलं की मिळतं, एवढंच ना? उपाशी ठेवू नका. वेळेवर द्या, घरात सगळे तेच खा. पण ओरडण्याच्या बदल्यात देऊ नका. त्याला जोर लावायला आवडतं, तर रोज काहीतरी ढकलायला द्या. आणि बिथरला की कुरवाळू नका, त्याला ते चटक्यासारखं लागतं. घट्ट दाबून धरा.”

बाईंनी एवढं सांगितलं, आणि मला त्यातलं एकच ऐकू आलं: देऊ नका. मी वेल्डर. मला बंद करायला सांगितलं की मी लोखंड कापतो. दुकानात चौकोनी सळईची जाळी जोडली, स्वयंपाकघराच्या दाराला बसवली, कुलूप घातलं. पहिल्याच संध्याकाळी तो त्या जाळीवर तुटून पडला. दोन्ही हातांनी धरून हलवली, मग डोकं आपटलं, मग दात लावले. रंगाचे टवके आणि रक्त दाढेला चिकटलेलं. त्याची आई आत भाकरी थापतेय आणि ओरडतेय, “उघडा वं! लेकराला कोंडलंय का मला कोंडलंय?” मी उघडलं नाही. रोज संध्याकाळी हेच. भिंतीतून विटांचा भुगा पडायला लागला आणि घर आबांच्या घरासारखं झालं. पाऊल वाजलं की सगळ्यांचे खांदे वर जायचे.

त्या शनिवारी मारुतीला जाऊन मी उपाशीपोटी घरी बसलो होतो. समोरच्या घरातल्या काकू ताट घेऊन आल्या. गूळ-शेंगदाण्याचे लाडू. “नातीला नोकरी लागली बघा. परीक्षेच्या आधी बाळानंच खाल्लं होतं माझ्या हातचं. तोंड गोड करू द्या त्याचं.”

“काकू, पाया पडते. डॉक्टरनं न्हाई म्हणलंय,” ही म्हणाली.

“डॉक्टरला काय कळतंय? देवाच्या लेकराला उपाशी ठिवून पाप घेताव का डोक्यावर?”

“उपाशी कुठं? आत्ता दोन भाकरी खाऊन बसलाय.”

“एक लाडू गं. एका लाडवानं काय हत्ती व्हतंय का?”

“व्हायचं ऱ्हायलंय का काही, काकू?”

काकू हसल्या, मलाही हसू आलं, आणि तेवढ्यात तो आतल्या खोलीतून आला. त्यानं ताट पाहिलं. हिनं ते काकूंच्या हातून ओढून पाठीमागं धरलं. त्याचा हात सरळ तिच्या तोंडावर बसला. ती जाळीच्या चौकटीवर आदळून खाली बसली, ताट वाजत गेलं, लाडू फरशीभर. काकू “अगं माय गं” म्हणत भिंतीला चिकटल्या. जाळीच्या कामातली उरलेली सळई कोपऱ्यात उभी होती. ती माझ्या हातात कधी आली मला आठवत नाही. एवढं आठवतं, की हात वर गेला तेव्हा खांद्यात आबा होते. नेम कुठं धरायचा, किती मागं घ्यायचा, मला काहीच शिकावं लागलं नाही. मला त्याची पाठ दिसत होती.

त्यानं वाकून एक लाडू उचलला. मला वाटलं, आता खाईल. समोर आलेला लाडू त्यानं आजवर कधी सोडलेला नाही. तो आईजवळ फतकल मारून बसला. तिचं डोकं दोन्ही हातांनी ओढून आपल्या पोटाशी दाबलं, आणि तो लाडू तिच्या रक्तानं भरलेल्या तोंडात कोंबला. “खा,” तो म्हणाला. “रडू नको. खाऊन टाक.” माय, ज्या पोरानं वर्षभरात मोजके शब्द काढले, ते तुझ्या आवाजात बोललं. तुझा तो ‘टाक’वरचा हेल सुद्धा. ऐकलेलं जसंच्या तसं साठवून ठेवतात ही मुलं, बाईंनी मला सांगितलं होतं. तू त्याच्यात इतकी वर्षं बसून होतीस हे मला माहीत नव्हतं.

ही भरल्या तोंडानं म्हणाली, “खाते रे बाबा, खाते.” आणि तिनं तो चावला, हलणाऱ्या दातानं. सळई मी कोपऱ्यात नाही, बाहेर गटारीत टाकून आलो.

ग्राइंडरचा आवाज त्याला सोसत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी ही त्याला देवळात घेऊन गेली आणि मी जाळी कापली. मग गुळाचा डबा घराबाहेर काढला. तुझा होता, पितळी. आता तो बिथरला की मी त्याचं डोकं माझ्या पोटाशी दाबून धरतो, कान दुखतील इतकं. गूळ नाही. पहिले काही दिवस त्यानं माझ्या पोटाचं मांस तोडायचं बाकी ठेवलं नाही. बनियनवर रक्ताचे चंद्र उठायचे. मी सोडायचो नाही. मग हळूहळू त्याची मान ढिली पडायला लागली. तुझ्या दोन हातांतला एकच हात मी घेतला, माय. दुसऱ्याचा राग धरलेला नाही. तुझ्याकडं द्यायला तेवढंच होतं.

रोज सकाळी तो माझा हातगाडा ढकलतो, वर लोखंड भरलेलं, घरापासून मारुतीपर्यंत आणि परत. काकूंनी विचारलं, “मग आता आमची कामं कशी व्हायची?” मी म्हणालो, त्याच्याबरोबर चाला, म्हणजे होतील. आता धाकट्या नातीच्या परीक्षेसाठी त्या चपला फटफट वाजवत गाड्यामागं असतात आणि वाटेत दोनदा बसतात. तो बसत नाही. त्याचा पट्टा एक भोक आत आला आहे. फार नाही. श्वास अजून अडकतो, पण पूर्वीइतका नाही. चावणं थांबलेलं नाही. हे लिहिताना मनगटाला पट्टी आहे.

हा कागद मी दुकानात गॅसच्या टाकीवर ठेवून लिहिला. घडी करून हत्यारांच्या पेटीत टाकेन, दुसरी जागा नाही. एक गोष्ट मात्र हिला सांगितली नाही, बाईंनाही नाही. परवा गेटाचं माप चुकलं म्हणून एका गिऱ्हाइकानं भर रस्त्यात माझ्या थोबाडीत मारली. पन्नाशीला आलो आहे मी. गाल दुखायच्या आधी माझ्या तोंडाला पाणी सुटलं.