हनुवटीचे दोरे

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५
उडणारे मासे! म्हणजे त्यांची पिल्लं, बोटाच्या पेराएवढी, स्पिरिटच्या बाटल्यांत. आमच्या महेजबीननं कॉलेजातून निवडायला घरी आणली. सरफराजनं तोंड वाकडं केलं — "घर हाय का मासळी बाजार?" स्वतःच्या पोरीचं कौतुक म्हणून नाही माझ्या लेकाला. मला तर लई आवडली. मोठी झाली की समुद्रावरनं उडतात म्हणे. आमच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी!

बुधवार, ५ फेब्रुवारी
ओळखायचं कसं ते नात शिकवते आणि चौथी शिकलेली आजी शिकते! पोटाखालचे पर बघायचे. आखूड आणि पुढं असले तर एक जात, लांब आणि मागं असले तर दुसरी. अंगावरचे काळे पट्टे बघायचे. "दादी, तुझी नजर माझ्यापेक्षा तेज हाय की!" असणारच. एकतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात सुटे धागे कापले. एक धागा राहिला तर मुकादम अख्खा गठ्ठा तोंडावर फेकायचा, सगळ्या बायकांसमोर. मेला तरी माझा राग गेला नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी
महेजबीन बाहेर गेलेली. दोन बाटल्या एकटीनं निवडल्या. वर साफ पण केल्या! पिल्लांच्या हनुवटीला धागे चिकटलेले — कुणाला एक, कुणाला दोन. चिमट्यानं धरून बारीक कात्रीनं मुळापासून उडवले. कशी नीटस दिसतात आता.

सोमवार, १० फेब्रुवारी
ते धागे नव्हते.
महेजबीन फोनवर मैत्रिणीला सांगत होती — "काही पिल्लांना हनुवटीला मिशा असतात गं, मोठेपणी जातात. एक का दोन का नाहीच, त्यावरनं तर जात ठरते." मी भाकरी थापत होते. तव्यावरची करपली.
हे मला शिकवायचं राहिलं होतं. आणि मी विचारलं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी
कारखान्यानं एवढंच शिकवलं — लोंबतंय ते काप. विचारायचं नाही. जन्म गेला त्यात, आता नातीचं नशीब पण कापलं.
शुक्रवारपर्यंत कुठल्या जातीची किती, ती यादी सरांना द्यायची. नाही दिली तर कॉलेजातनं तिचं नाव कमी होणार. नवी पिल्लं आणायला बोट पुढच्या वर्षी जाणार. सरफराज टपलेलाच — "शिक्षण सुटलं की लगेच निकाह." सांगितलं तर पोर बुडते. नाही सांगितलं तर खोटी यादी तिच्या नावानं जाते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
सकाळी सांगून टाकलं. रडले. ती बॅग भरत होती, वळली पण नाही. "मला शनिवारीच कळलं, दादी. कापलेले तुकडे बाटलीच्या तळाशी दिसले की, पण कुणाच्या किती ते कळेना. त्या दोन बाटल्यांतली सगळी बिनमिशांची म्हणून लिहिली, यादी कालच दिली. तू आता कुणाजवळ बोलू नकोस." मग जवळ येऊन ओढणीनं माझे डोळे पुसले.