पायांतली आग

२ मार्च, रविवार
आज चर्चमध्ये साक्ष दिली! मंडळीपुढे उभी राहून सांगितलं — वर्षभर पायांत निखारे होते, आता काही नाही. प्रभूने हात फिरवला. सगळे 'हालेलूया' म्हणाले.  शेजारची व्हेरोना बाहेर गाठून म्हणते, "डेलरोज, शुगरमध्ये आग थांबली की जास्त भ्यायचं असतं गं. माझ्या आईचं असंच झालं होतं. रोज तळवे बघत जा."
तिच्या आईचा पाय कापला, म्हणून माझा आनंदही नासवायचा! म्हटलं, "माझे तळवे देव बघतोय." पोट आड येतं, मला कुठले दिसायला!

४ मार्च
आमच्या चर्चचे पाळक बार्टली म्हणतात, रोज देवाची एक उपकारस्तुती लिहा आणि नम्रता मागा.
उपकारस्तुती — पाय. नम्रताही मागितली.

७ मार्च
खुराड्याची फळी ठोकली. खिळे गवतात सांडले, दिसले तेवढे वेचले. घरात आले तर डाव्या पायात चप्पलच नाही! कुठे निसटली, कळलंही नाही. एकटीच हसत बसले.

११ मार्च
घरात वास येतोय. उंदीर मेला असणार. पलंगाखाली, कपाटामागे, चुलीमागे — सगळीकडे पाहिलं. फरशीवर तांबडे डाग. कुत्र्याच्याच पायांचे. पुसले.

१३ मार्च
रस्टी पायाशीच बसतो, मोज्यावरून चाटत राहतो. मुकं जनावर, पण माया बघा!
वास वाढलाय. भर दुपारी थंडी वाजली. कारल्याच्या पाल्याचा काढा घेतला.

१५ मार्च, शनिवार
व्हेरोना भाजलेला नीरफणस घेऊन आली. "तोंड किती उतरलंय तुझं! पाय दाखव बघू."
"उद्या बघशीलच की!"
उद्या चर्चमध्ये प्रभुभोजनाआधी, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे, एकमेकींचे पाय धुवायचे, आणि पाळकांनी माझी जोडी हिच्याशीच लावली आहे. मुद्दाम! मी तिचे धुवेन. वाकायचं, चारचौघींना दिसू द्यायचं, जमेल मला. पण तिने माझे धुवायचे, ते नको वाटतं. भीतीच वाटते. कसली, कोण जाणे.

१६ मार्च, रविवार

तिचे पाय मी धुतले. कोण बघतंय तेही पाहून घेतलं. मग ती खाली बसली. डावा मोजा निघेना. पाणी लावून लावून तिने तो सोडवला — आणि खोलीत वास सुटला. तोच! माझ्या घरातला.
टाच तिच्या हातात होती. ती हळूच म्हणाली, "अगं, खिळा आहे. पार आत गेलाय." मला काहीसुद्धा दुखत नव्हतं. काळानिळा पाय तिने टॉवेलात गुंडाळला, कुणाला दिसू दिला नाही. "हलू नकोस. पाळकांना गाडी काढायला सांगते." पलीकडे बायका गात होत्या.
मँडेव्हिलच्या इस्पितळात आहे. व्हेरोना घरी गेलेली नाही.

१८ मार्च
उद्या सकाळी कापणार. गुडघ्याखाली.
व्हेरोनाला म्हटलं, "तू सांगितलं होतंस. मी माजले होते." ती म्हणाली, "गप पड."
उपकारस्तुती — व्हेरोना.

२१ मार्च
डाव्या तळव्याला आग लागली आहे! पूर्वीसारखीच. व्हेरोनाला म्हटलं, बघ गं जरा.
तिने चादर उचलली नाही.