जळाली म्हणून सांगितलेली केबिन

बाबा,

कौन्सिलनं पाठवलेली एक पुस्तिका महिन्यापूर्वी आली, म्हणून हे लिहिते आहे. एरवी लिहिलं नसतं. वेल्समधल्या आपल्या दुकानाची इमारत दुरुस्त करून पुन्हा उघडताहेत आणि तिचा इतिहास छापला आहे. फ्लॅनेलच्या व्यापाऱ्यानं बांधली, लाल विटा, दारावर भाजक्या मातीतल्या मेंढ्या, दोन्ही बाजूंना वळवलेल्या काचा, आत बिडाचे बारीक खांब, वर काचेचं छप्पर, सगळं नीट दिलं आहे. आपल्याबद्दल एकच वाक्य आहे: गल्ल्याची मूळ ओकची केबिन नंतरच्या भाडेकरूंनी जाळली.

आपण दुकान घेतलं तेव्हा ती मधोमध उभी होती. आठ बाजू, कातीव खांब, वर लहानसा घुमट. पूर्वी काउंटरवरून गिऱ्हाइकांचे पैसे लाकडी डब्यांतून, छताखालच्या तारांवरून तिच्यात यायचे आणि सुटे तसेच परत जायचे. तारा गंजल्या होत्या. तुम्ही घुमटाकडे बघून म्हणालात, "हे तर देऊळच आहे." चार भाग करून ती वर, आपल्या राहत्या खोलीत नेलीत आणि आत देव मांडलेत. आई म्हणाली, "भाड्याच्या घरात भाड्याचा देव्हारा. देवसुद्धा भाडेकरू झाले!" तुम्ही हसलात. दुकानातलं काहीही हलवायचं नाही, असं करारात होतं. तो करार मीच तुम्हाला वाचून दाखवला होता; घरातले सगळे कागद मीच वाचायची.

मी बारा वर्षांची आहे. शनिवार. राखाडी कोटातल्या एक म्हाताऱ्या बाई आत येतात, हातमोजा काढतात आणि मधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहतात. त्या केबिनमध्ये बसून त्यांनी जन्म काढलेला. "माझी केबिन कुठे गं, पोरी? एकदा बसून बघायचंय." तुम्ही कापडाची घडी घालताय. मान वर न करता म्हणता, "जाळली म्हणून सांग."

"पण बाबा, ती वर..."

"सांग म्हटलं ना! मालकाला कळलं तर उचलून नेईल. इंग्रजी तुझंच चांगलं आहे, बोल."

मी बोलले. त्यांनी विचारलं, "सगळी?" मी म्हटलं, "हो. थंडी फार होती." हे तुम्ही शिकवलं नव्हतंत. बाईंनी हातमोजा पुन्हा चढवला. "सुकं लाकूड होतं," म्हणाल्या, "चांगलं जळलं असेल." आणि गेल्या. पुस्तिकेत त्या वाक्याखाली आधार दिला आहे: जुन्या कॅशिअर बाईंची आठवण. त्या कधीच वारल्या.

मी पुढे तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पुराव्याशिवाय लिहिणाऱ्या मुलांचे मार्क निर्दयपणे कापले. तुम्ही रोज सकाळी त्या केबिनसमोर बसून पूजा करत होतात आणि खाली गाव आपल्याला ती जाळणारे म्हणून ओळखत होतं. तुम्हाला ते चाललं. दर दिवाळीला तिला तेल लावून चकाकवणारी माणसं आपण! दुकान सोडून लीड्सला माझ्याकडे आलात, तेव्हा व्हॅनमधून तीही आली. मी म्हटलं, आता तरी कळवू या. "आता कोण विचारतंय?" म्हणालात. तुम्ही गेल्यावर तर तुमची भीतीही उरली नव्हती. तरी मी सात वर्षं तिची धूळ पुसली आणि गप्प बसले. तेवढी सात वर्षं तुमच्या नावावर टाकता येत नाहीत.

पुस्तिका वाचली त्याच दिवशी फोन केला. सोमवारी कौन्सिलची एक तरुण मुलगी दोन माणसं घेऊन आली. तिनं आत बोट फिरवलं. "हे लाल कसलं?"

"कुंकू."

"घासून काढलं तर चालेल?"

"वस्तू तुमची आहे. तुम्ही ठरवा."

पावतीवर लिहिलं आहे: ओकची केबिन एक, आठ बाजू, चार भागांत. घुमट शाबूत. एक खांब तडकलेला. सरकती काच एक. आत कुंकवाचे आणि तेलाचे डाग. 'वस्तू कशी मिळाली' या रकान्यात मी माझ्या हातानं लिहिलं: वडिलांनी वर नेली. जाळली असं मी सांगितलं. थंडीचं माझं मी घातलं.

देव दिलेले नाहीत. ते टॉवेलात गुंडाळून बुटांच्या खोक्यात ठेवले आहेत. हे पत्रही त्यातच ठेवते. खोकं कुठे ठेवायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.