जेऊरच्या फलाटावरची बाई

सोलापूर,
९ मार्च १९३२

प्रिय आई,

दर पत्राच्या माथ्यावर मी ‘तीर्थरूप’ लिहितो. आज तो शब्द लिहायला हात धजला नाही. शाळेत मास्तरांनी शिकवला म्हणून इतकी वर्षे लिहीत आलो, आणि जेऊरच्या फलाटावर तुला काय म्हणालो ते तुलाही ठाऊक आहे, मलाही. म्हणून साधे ‘प्रिय’ लिहिले. तेवढे तरी खरे आहे.

तुझे कार्ड येऊन महिना झाला. तू लिहिलेस, “गाडीला लई गर्दी हुती, तू दिसला न्हाईस. पुन्याला सुखरूप पोचलास का कळीव.” गाडीला गर्दी नव्हती, आई. डब्यात आम्ही चौघेच होतो आणि मी खिडकीशी बसलो होतो. चाळिशीला आल्यावर तू पाटीवर अक्षरे गिरवायला बसलीस ती देवाचे वचन वाचता यावे म्हणून, आणि त्याच अक्षरांत माझ्यासाठी लबाडी लिहिलीस. मला वाईट वाटू नये म्हणून. ते कार्ड वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

तुला कधी सांगितले नाही, पण गिरणीच्या कचेरीत मी ख्रिस्ती आहे हे कुणालाच माहीत नव्हते. पहिल्या दिवशी हेडक्लार्क गोपाळरावांनी विचारले, कुठले तुम्ही? मी म्हणालो, सांगोल्याकडचे, धनगर. त्यात खोटे काहीच नव्हते. बाबांची हयात मेंढरांमागेच गेली, आणि माझे नाव सिद्धनाथ ठेवलेस ते प्रभूचे नाव तुझ्या कानावर पडण्याच्या आधी. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी नाव बदलायचे का म्हणून विचारले, तर तू म्हणालीस, नाव राहू द्या, पोर बदलू द्या. नाव राहिले. पोर बदलायचे तेवढे राहून गेले. रविवारी कुठे जाता असे कुणी विचारले की मी ‘मामाकडे’ म्हणायचो. पुढे उपासनेला जाणेच सोडले, तेव्हा निदान मामाचे निमित्त सांगायचे थांबले.

मला भीती कशाची होती ते सांगतो. ‘पोटासाठी बाटलेले’ हे शब्द ऐकायची. तुला कुणी तसे म्हटले तर तू हसून सोडून द्यायचीस, कारण तुला ते लागूच नव्हते. दिरांनी तुला घराबाहेर काढले, तुझ्या वाटणीची मेंढरे ठेवून घेतली, आणि तू चावडीत उभी राहून सांगितलेस, “मला कुनी बाटवलं न्हाय. हाक आली, मी गेले.” मला कसली हाक आली? मिशनच्या बोर्डिंगची घंटा. घंटा झाली की प्रार्थना, घंटा झाली की भाकरी. सोळाव्या वर्षी चर्चच्या मंडळीसमोर विश्वास कबूल केला तो घडाघडा पाठ म्हणून दाखवला, आणि सगळ्यांनी माझ्या शुद्ध उच्चारांचे कौतुक केले. तू मागच्या ओळीत बसून रडत होतीस. मला वाटले होते, तू आनंदाने रडतेस. आता तसे खात्रीने वाटत नाही.

त्या मंगळवारी दुपारच्या गाडीने जातो आहे हे मीच तुला कळवले होते. गोपाळराव बरोबर असतील हे तेव्हा ठरले नव्हते. जेऊरला गाडी थांबली तसा पाणीवाला ‘हिंदू पाणी, हिंदू पाणी’ ओरडत आला. मी खिडकीतून ओंजळ पुढे केली, आणि तेवढ्यात तू दिसलीस. पांढरे लुगडे, खांद्याला मिशनच्या पुस्तिकांची झोळी, हातात फडक्यात बांधलेल्या दशम्या. तीन कोस चालून आली होतीस, पाय पोटरीपर्यंत धुळीने माखले होते. तू हसलीस. गोपाळरावांनी विचारले, ओळखीच्या का? मी म्हणालो, “छे. मिशनची बाई दिसते कोणी.”

तू ते ऐकलेस. आता तू ‘सिद्धा’ म्हणून हाक मारशील आणि सगळे उघडे पडेल, अशी मला धास्ती पडली. मला त्या क्षणी तुझी भीती वाटली, आई. तू दशम्या पदराआड केल्यास, झोळीतून एक पुस्तिका काढलीस आणि खिडकीतून माझ्यापुढे धरलीस. “घ्या सायेब. फुकट हाय. सवडीनं वाचा.” जन्मात पहिल्यांदा तू मला ‘घ्या’ म्हणालीस. मी घेतली. गोपाळराव थट्टेने म्हणाले, जपा हो, बाटाल. आणि मी हसलो. तुला नाकारले त्यापेक्षा हसलो हे मला जास्त टोचते, कारण नाकारले ते भिऊन आणि हसलो ते सुटलो म्हणून. तू पुढच्या डब्यापाशी गेलीस, तिथेही कुणाला तरी एक पुस्तिका दिलीस, म्हणजे संशय नको. मागे वळून पाहिले नाहीस. लहानपणी तू मला सांगायचीस त्यांतली एक गोष्ट त्या दिवसापासून मला वाचवत नाही. कोंबडा आरवायच्या आत आपल्या प्रभूला ‘मी ओळखत नाही’ म्हणणाऱ्या शिष्याची.

तुझे कार्ड आले त्यानंतरच्या रविवारी भर दुपारी मी खोलीत गुडघे टेकले. शेजारच्या तेलुगू विणकरांचे माग जेवणापुरते थांबले होते. येत होत्या तेवढ्या प्रार्थना म्हणून पाहिल्या, एकही पुढे सरकेना. शेवटी तुझ्याच बोलीत तोंडून निघाले, “देवा, मी तुजा न्हाय. पर मला तुजं व्हायचंय.” उजेड पडला नाही, आवाज आला नाही. माग पुन्हा सुरू झाले. पण आई, तीस वर्षांत देवाशी मी बोललेले ते पहिले खरे वाक्य होते, आणि ते त्याने ऐकले याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. बोर्डिंगमध्ये शिकवलेला येशू मला कधी नकोसा नव्हता, हवासाही नव्हता. त्या दुपारी तो मला हवा होता.

उठलो तो तसाच गोपाळरावांच्या घरी गेलो. ओट्यावरच उभा राहून सांगितले, की मी ख्रिस्ती आहे आणि जेऊरची ती बाई माझी आई. ते म्हणाले, “धर्म लपवलात ते समजू शकतो. पण आईला ओळखत नाही म्हणालात?” कचेरीत आता माझा पाण्याचा पेला वेगळा ठेवतात. त्याचे मला काही वाटत नाही असे नाही, वाटते. पण गोपाळरावांचा तो प्रश्न जास्त लागला.

मग पाळकांकडे गेलो, त्यांनाही सगळे सांगितले. नोकरी सोडतो, जेऊरच्या पलीकडच्या वाड्यांवर शाळेचे आणि वचन सांगण्याचे काम द्या म्हणालो. त्यांनी मला चांगलेच पिळून काढले. म्हणाले, आईचा अपराध केलास तर आईचे पाय धर, त्यासाठी देवाची चाकरी कशाला? मी म्हणालो, शरम घेऊन आलो आहे हे खरे, पण शरमेने इथपर्यंत आणले, या कामात राहायचे ते मी स्वतः ठरवले आहे. या वेळी घंटा कुणी वाजवलेली नाही. त्यावर त्यांनी अर्ज पुढे सरकवला.

आता हे पत्र का लिहितो ते सांगतो. मंडळीच्या पंचांचा नियम असा, की ज्या भागात काम मागायचे तिथल्या मिशनच्या माणसाने उमेदवाराच्या वर्तणुकीचा दाखला द्यायचा. जेऊरकडे मिशनचे माणूस एकच, तू. दुसऱ्या कुणाचा चालेल का, असे मी विचारले. पाळक नाही म्हणाले. सगळे ठाऊक असून नाही म्हणाले. दाखल्याचा कागद सोबत पाठवला आहे. त्याची पहिली ओळ छापलेली आहे, ‘हा इसम माझ्या ओळखीचा आहे’. माझ्यासाठी एकदा खोटे लिहिलेस, पुन्हा लिहू नकोस. ओळखत नसशील तर ती ओळ खोडून कागद तसाच परत पाठव. मी तो तसाच पंचांपुढे ठेवीन, आणि प्रभूचे काम दुसरीकडे कुठे मिळते का पाहीन. सहीच्या वर ‘उमेदवाराशी नाते’ असा एक रकाना आहे. बाकीचे सगळे मी माझ्या हाताने भरले, तो कोरा ठेवला आहे. तो भरायचा हक्क मी जेऊरला घालवला.

तू म्हणशील तर तुझाच,
सिद्धनाथ